उभ्या रानाची मिळकत

गोव्यात सहा अभयारण्ये आहेत, पण त्यांतले एकही पेडणे किंवा डिचोली तालुक्यात नाही. पश्चिम घाटातील पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गोव्यातली जी गावे आली, तीही सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण इकडची. हसापूर-इब्रामपूरपासून साळ, मेणकुरे, लाटंबार्सेपर्यंत टेकड्यांवर जे रान दिसते, त्यातले बरेचसे कुणाच्या तरी नावावर आहे. कुठे ते भाटकाराचे आहे, कुठे कुळाचे, कुठे गावकरीचे म्हणजे कोमुनिदादीचे, तर कुठे देवस्थानाचे. हे रान राहणार की जाणार, हे बहुतेक वेळा मालकाच्या घरातच ठरते.

हा लेख अशा मालकांसाठी आहे. आपल्याकडे दोन-चार हेक्टर डोंगर असेल, वर माट्टी, किंदळ, जांभा आणि खालच्या अंगाला आजोबांनी लावलेले काजू असतील, आणि दर महिन्याला कुणीतरी दर विचारून जात असेल, तर पुढचे टप्पे आपल्या कामाचे आहेत. मोपचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या पठारांकडे पाहण्याची बाहेरच्यांची नजर बदलली आहे. रान राखायचे तर त्यातून वर्षाला काहीतरी हाती आले पाहिजे. नाहीतर मुलाच्या शिक्षणाला किंवा घरातल्या आजारपणाला पैसे लागले की रानच विकले जाते, आणि त्याबद्दल मालकाला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

पहिले काम कागदाचे. नमुना 1 व 14 चा उतारा, ज्याला आपण नुसते ‘एक-चौदा’ म्हणतो, तो काढून नीट वाचा. जमिनीचे क्षेत्र त्यात प्रकारवार विभागलेले असते: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड आणि लागवडीबाहेरचे पोटखराब. आपण ज्याला रान म्हणतो ते उताऱ्यावर बागायत किंवा जिरायत म्हणून नोंदलेले असू शकते. ही नोंद म्हणजे अंतिम निर्णय नव्हे, हे ध्यानात ठेवा. कागदावर बागायत असली तरी जमीन प्रत्यक्षात वन ठरू शकते. ते कसे, हे पुढे येईल.

याच उताऱ्यात कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकानाही असतो. गोव्याच्या कूळ कायद्यात 1976 मध्ये पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळांना मालकीचा मार्ग खुला झाला. त्यामुळे वर भाटकाराचे नाव आणि शेजारच्या रकान्यात कुळाचे, अशी अवस्था पुष्कळ काजूच्या भाटांत आजही आहे. दोघांनी बसून हे मिटवल्याशिवाय पुढची कुठलीही योजना, करार किंवा परवाना मिळायला अडचण येते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वारसाच्या ठिकाणी. उताऱ्यावर पणजोबांचे नाव, हयात वारस पंधरा, त्यांतले निम्मे मुंबईत किंवा परदेशात. गोव्याच्या नागरी कायद्यात विवाहामुळे जोडीदाराचाही हिस्सा येतो, त्यामुळे भावंडांच्या सहीबरोबर त्यांच्या पती-पत्नींचीही सही लागते. न्यायालयातून वाटणी करून घ्यायची प्रक्रिया, जिला आपण ‘इन्व्हेंटरी’ म्हणतो, ती आता 2012 च्या गोवा वारसा कायद्याखाली चालते. वेळ लागतो, खर्च येतो, पण रानाचे पैसे मिळवायचे असतील तर सुरुवात इथूनच करावी. एका वारसाने परस्पर झाडे विकली आणि बाकीच्यांनी तक्रार केली, की भांडण घरातले राहत नाही. ते वनखात्यापर्यंत जाते.

दुसरा टप्पा: आपले रान कायद्याच्या दृष्टीने ‘खाजगी वन’ आहे का, हे शोधून काढणे. याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला की वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने वन, मग मालकी कुणाचीही असो. राज्यांनी समित्या नेमून अशी वने ओळखायची होती. गोव्यात आधी सावंत समिती आणि मग करापूरकर समिती नेमली गेली. दोघींनी मिळून सुमारे 67 चौरस किलोमीटर खाजगी वन ओळखले. उरलेल्या क्षेत्रासाठी पुढे थॉमस आणि आरावजो यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या आल्या. त्यांच्या याद्यांवर हरकती आणि फेरतपासण्या होत राहिल्या.

या समित्यांनी तीन कसोट्या वापरल्या. रानातली किमान 75 टक्के झाडे वन्य प्रजातींची असावीत. रान सरकारी वनाला लागून असावे, आणि सुटे असेल तर किमान 5 हेक्टर असावे. तिसरी कसोटी छत्राची. छत्र म्हणजे झाडांच्या फांद्यांनी वरून झाकलेला भाग, आणि त्याची घनता 0.4 पेक्षा कमी नसावी. सोप्या भाषेत, भर पावसाळ्यानंतर रानात उभे राहून वर पाहिले तर निदान चाळीस टक्के आकाश पानांनी झाकलेले दिसले पाहिजे. या कसोट्या सैल करून एक हेक्टर आणि दहा टक्क्यांवर आणाव्यात, ही गोवा फाउंडेशनची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये अमान्य केली. त्यामुळे आज याच कसोट्या लागू आहेत.

आपला सर्व्हे क्रमांक यादीत आहे की नाही, हे वनखात्याच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी ‘नाही हो, तुमचे नाही त्यात’ यावर विसंबून कुणी डोंगर साफ केला, तर नंतर तो शब्द कामी येत नाही. आणखी एक गोष्ट पाहा. एका सर्व्हे क्रमांकाचा काही भागच वन म्हणून ओळखलेला असू शकतो. म्हणून नकाशाची प्रतही मागा.

रान यादीत असेल तर मालकी जात नाही. लोकांचा सर्वात मोठा गैरसमज हाच आहे, आणि तो शेजारच्या सिंधुदुर्गातून आलेला आहे. महाराष्ट्रात 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून खाजगी वने सरकारजमा झाली. त्यावरची भांडणे पुढे कित्येक दशके चालली आणि 2014 मध्ये गोदरेज-बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. गोव्यात तसे झालेले नाही. इथे जमीन आपलीच राहते, मात्र तिचा वापर बांधला जातो.

कसा बांधला जातो? 1980 च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे (2023 च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव बदलले) वनजमिनीचा वनेतर वापर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. वनेतर वापर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंगले आणि खाणी येतात. पण त्या व्याख्येत चहा, कॉफी, मसाले, रबर, ताडवर्गीय झाडे, फळबागा आणि औषधी वनस्पती यांच्या लागवडीसाठी रान मोकळे करणेही येते. म्हणजे यादीतले रान तोडून सुपारी लावणे हाही भंगच. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबर आणि अननसासाठी जसे डोंगर मोकळे झाले, तसे इथे यादीतल्या जमिनीवर करता येणार नाही. अशा वनातली झाडतोडही मंजूर कार्य आयोजनेप्रमाणेच, म्हणजे कुठले झाड कधी आणि किती काढायचे याच्या सरकारमान्य आराखड्याप्रमाणेच होऊ शकते.

रान यादीत नसेल तरी झाडांचा कायदा लागू राहतो. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाची व्याख्या मोजमापाची आहे: जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर खोडाचा व्यास निदान 5 सेंटिमीटर आणि उंची निदान एक मीटर. मनगटाएवढे रोपटेही त्यात बसते. ते तोडायचे तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि परवानगीबरोबर नवी झाडे लावण्याची अट येते. अर्जात झाडाची जात, घेर, सर्व्हे क्रमांक आणि कारण स्पष्ट लिहा. ‘जंगली झाडे, दहा’ एवढेच लिहिलेला अर्ज परत येतो आणि हंगाम निघून जातो.

तोडीची परवानगी आणि लाकूड वाहून नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कागद हातात पडला की लोक ट्रक बोलावतात आणि चेकनाक्यावर माल अडकतो. कंत्राटदार ‘परवान्याचे मी बघतो’ म्हणाला तरी दोन्ही कागद आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी भरू देऊ नका. अर्जावर नाव आपले असते आणि जबाबदारीही आपलीच.

आता मिळकतीकडे वळू. पेडणे-डिचोलीच्या रानाची खरी कमाई लाकडात नाही, ती काजूत आहे. गोव्यात सर्वाधिक क्षेत्र काजूखाली आहे आणि झाडाला वन्य रानाचा शेजार चालतो. एका झाडापासून दोन माल मिळतात: बी आणि बोंड. बीसाठी राज्य सरकार आधारभूत किंमत देते. 2023 मध्ये ती किलोला 150 रुपये करण्यात आली. बाजारभाव खाली असेल तर फरकाची रक्कम खात्यात जमा होते, पण त्यासाठी कृषी कार्ड लागते आणि विक्रीची पावती लागते. दारावर आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने, विनापावती बी घातली की हा फरक गेला. दरवर्षी कितीतरी घरे एवढ्या एका चुकीने पैसे सोडून देतात. बागायतदार संस्थेसारख्या सहकारी खरेदी केंद्रावर बी घाला आणि पावत्या एका फाइलीत ठेवा.

बोंडांचे काम रानाशी किती बांधलेले आहे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बोंडे खडकात कोरलेल्या कोळंबीत पायांनी तुडवतात. पहिला रस वाहून गेला की उरलेल्या चोथ्याचा ढीग करतात, त्याला नुडीच्या वेलीने गच्च आवळतात आणि वर दगडांचे वजन ठेवतात. रात्रभर थेंब थेंब गळतो तो निरो. तुडवलेला रस आंबवून भाटीवर चढवला की आधी हुर्राक निघतो आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. नुडीची वेल रानातली, भाटीखालचे जळण रानातले, बोंड भाटातले. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या मालाचे नाव त्याच प्रदेशातल्या उत्पादकांनी वापरायचे असा कायदेशीर हक्क. या नावाचा फायदा बाटली भरणाऱ्यापर्यंत पोचतो. तो बोंड देणाऱ्यापर्यंत यायचा असेल तर आपण सुटे न विकता वाड्यावरच्या चार-पाच भाटांचा माल एकत्र करून, अबकारी परवाना असलेल्या भाटीशी हंगामाआधी दर ठरवला पाहिजे.

इथे आगीबद्दल एक कळकळीची विनंती. बिया वेचायला सोपे जावे म्हणून काजूखालचा पालापाचोळा पेटवण्याची सवय काही ठिकाणी आहे. मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या रानांत किती ठिकाणी आग लागली, ते आपण पाहिले. पाला जाळू नका, ओढून झाडाच्या बुंध्यापासून दूर वाफ्यासारखा रचा. हद्दीवर दोन-तीन मीटर रुंद पट्टा जानेवारीतच बेणून मोकळा करा. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात आणि शेजाऱ्याने लावलेली आगही ती अडवते.

काजूखेरीज भिरंड, म्हणजे कोकम. सावलीत वाढते, पाणी मागत नाही, आणि पावसाआधी पिकते. सोले तर घरोघरी होतातच, पण बियांपासून निघणाऱ्या भिरंडेलाला सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात मागणी आहे. अडचण सुकवण्याची आहे. पहिला वळीव आला की उघड्यावरची सोले बुरसतात. प्लॅस्टिकच्या कागदाखालचा साधा सौर वाळवण मांडव ही भिरंडवाल्यांची पहिली गुंतवणूक असावी.

बांबूचे नियम 2017 मध्ये बदलले. वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. आपल्याकडचा माणगा भरीव आणि बिनकाट्याचा, म्हणून त्याला फर्निचर आणि बांधकामात भाव आहे. कुडाळला बांबूवर काम करणारी कॉनबॅक ही संस्था आहे, तिथे जाऊन माल कसा घेतला जातो हे पाहून येणे सोपे आहे. तोडताना तीन वर्षांवरची काठीच काढा. कोवळ्या काठ्या काढल्या तर बेट खालावत जाते. आणि जमीन खाजगी वनाच्या यादीत असेल, तर बांबूची सूट आपल्याला लागू आहे असे धरून चालू नका. आधी विचारा.

बाजारातून रान राखण्याचा एक नमुना फार लांब नाही. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने खाजगी रानमालकांशी संवर्धन करार केले. झाडे ठराविक काळ न तोडण्याच्या बदल्यात मालकाला किंवा गावाला मोबदला मिळतो. पुढचे पाऊल बेहड्याचे होते. ज्याला गोव्यात घोटिंग म्हणतात, त्या झाडाची फळे रीतसर गोळा करून ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राखाली परदेशातल्या औषधी चहाच्या कंपनीला विकली जाऊ लागली. प्रमाणपत्राची अट अशी की काही फळे झाडावर राखायची, वेचणाऱ्याला योग्य दाम द्यायचे आणि प्रत्येक पोत्याची नोंद ठेवायची. बेहड्याची जुनी, पोकळ झाडे धनेशाच्या घरट्याची जागा असतात. पूर्वी जळणाच्या भावाने जाणारे ते झाड आता उभे ठेवण्यात फायदा आहे. पेडणे-डिचोलीत हे एका मालकाला जमणार नाही, कारण तपासणीचा खर्च आणि मालाचे प्रमाण दोन्ही एकट्याच्या आवाक्याबाहेर आहेत. वीस-पंचवीस मालक एकत्र आले तर जमते.

आता कार्बनबद्दल. झाडे हवेतला कार्बन साठवतात, त्या साठ्याचे हिशोबी एकक म्हणजे कार्बन क्रेडिट, आणि कंपन्या ते विकत घेतात. अशी बोलणी घेऊन कुणी आपल्याकडे आले तर आधी तीन गोष्टी विचारा: करार किती वर्षांचा, मोजणीचा खर्च कोण करणार आणि पैसे कधी हातात पडणार. वीस-तीस वर्षांसाठी जमीन अडकवणाऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. शिवाय नियम असा आहे की पैसा जादा साठ्याला मिळतो. जे रान तसेही उभे राहिलेच असते, त्याला क्रेडिट मिळणे कठीण असते. केंद्राने ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलेला ग्रीन क्रेडिट कार्यक्रमही झाडांच्या बाबतीत मुख्यतः वनखात्याच्या ताब्यातल्या ऱ्हास पावलेल्या जमिनीवरच्या लागवडीभोवती फिरतो. आपले पिढ्यान्‌पिढ्या राखलेले रान त्यात बसत नाही.

इथे धोरणातली मोठी उणीव दिसते, आणि मला ती अन्यायाची वाटते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजते. एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्राची कुठलीही जमीन, मालक न पाहता, त्यात धरली जाते. म्हणूनच 3,702 चौरस किलोमीटरच्या गोव्यात सरकारी वन सुमारे 1,225 चौरस किलोमीटर असताना वनाच्छादन 2,200 च्या वर भरते. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना वनांना 10 टक्के वजन दिले. चौदाव्याने ते साडेसात टक्के दिले होते. घनदाट आणि मध्यम दाट छत्र जिथे जास्त, तिथे वाटा जास्त. म्हणजे इब्रामपुरातल्या किंवा मेणकुऱ्यातल्या एखाद्या खाजगी रानाचे दाट छत्र राज्याच्या हिशोबात जमा होते, पण त्या रकमेतला रुपयाही रान राखणाऱ्याकडे येण्याची ठरलेली वाट नाही.

अशी वाट काढता येते, हे इतरत्र दिसले आहे. कोस्टा रिकाने 1996 च्या वन कायद्याने इंधनावरच्या कराचा एक हिस्सा वेगळा काढला आणि उभे रान राखणाऱ्या खाजगी मालकांना करारावर दरवर्षी मोबदला देणे सुरू केले. अमेरिकेत 1990 पासून फॉरेस्ट लेगसी कार्यक्रमात मालक आपल्या रानावर घरे बांधण्याचा हक्क सरकारला विकून टाकतो. जमीन त्याचीच राहते, झाडांची नियमित कापणीही चालते, पण प्लॉट पडत नाहीत. विमानतळाभोवतीच्या पेडण्याला ही दुसरी तऱ्हा जास्त उपयोगी पडेल, कारण इथे रानाचा खरा शत्रू प्लॉटचा दर आहे.

म्हणून शेवटचे काम ग्रामसभेतले. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती 2002 च्या कायद्याखाली असतेच. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आपल्या रानाची, झऱ्यांची आणि वेचल्या जाणाऱ्या मालाची नोंद करून घ्या. मग गावातल्या रानमालकांची यादी तयार करा: सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, अंदाजे छत्र, यादीत आहे की नाही. ती जोडून ठराव मांडा की वनाच्छादनापोटी राज्याला मिळणाऱ्या वाट्यातून, उभे रान राखण्याचा करार करणाऱ्या मालकांना आणि कुळांना हेक्टरी वार्षिक मोबदला द्यावा. ठरावात कुळांचा उल्लेख विसरू नका, नाहीतर पहिला विरोध गावातूनच होईल. ठरावाची प्रत वनखाते, कृषी खाते आणि आमदारांना द्या, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.